आनेकलचं स्वयंचलित दार

रघुनंदनच्या बसला सरकारी ऑर्डर मिळाली. बरं, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. त्याला ऑर्डर मिळणं शक्यच नव्हतं, आणि इथून पुढं आपण तसंच धरून चालू.

कन्नड मुलखातल्या आनेकलच्या रस्त्यावर एकेकाळी बसची बॉडी बांधणारे अकरा कारखाने होते. मग सरकारी बसखात्याला बाहेरच्या मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत बस आवडायला लागल्या, आणि दहा कारखान्यांची मंगल कार्यालयं झाली. अकरावा रघुनंदनचा. चामराजपेटेतल्या त्याच्या घराण्यानं तीन पिढ्या बसच बांधल्या. आता सरकारी टेंडरसाठी बांधलेली नमुना-बस नापास झाली, तर कारखाना बंद आणि तीस वर्षं पत्रा ठोकणारा मल्लाप्पा घरी. घरी त्याची बायको यल्लव्वा होती. त्यामुळे बस पास होण्याची घाई मालकापेक्षा मल्लाप्पाला जास्त!

"यंदा खात्यालाच लाज वाटेल, बघ!" रघुनंदन बायकोला म्हणाला.

"स्वल्प कमी बोला," भार्गवी म्हणाली. "दाराचा सेन्सर आला का?"

आला नव्हता. माणूस समोर उभं राहिलं की दार आपोआप उघडावं, ही टेंडरची मुख्य अट. सेन्सर चेन्नईहून निघाला होता. गेला पंधरवडाभर निघतच होता.

"मालक, त्यात काय हाय?" मल्लाप्पा म्हणाला. "मीच आत बसतो की. भोकातनं बघतो, दांडा ओढतो."

"अरे, ही फसवणूक झाली!"

"सेन्सर तरी काय करतोय? बघतोय आन् ओढतोय."

चाचणीच्या सकाळी मल्लाप्पा दाराशेजारच्या पत्र्याच्या कपाटात जाऊन बसला, अंगाची घडी घालून, इस्त्रीच्या शर्टासारखा.

आनेकलच्या बसस्टँडवर खात्याचे भीमसेनसाहेब आले. नकार चेहऱ्यावर आधीच छापून आणलेला. (ते कन्नडात बोलत होते. मी मराठीत सांगतोय. वैताग तेवढाच समजा.) साहेब दारासमोर उभे राहिले. दार उघडलं. मागं सरले. मिटलं.

"असं त्या मोठ्या कंपन्यांचंही उघडतं," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मल्लाप्पा शिंकला! दार तीनदा धडाधड आपटलं.

"हे काय?"

"सर... ते स्वतःची धूळ झटकतं."

साहेबांनी लिहून घेतलं.

मग पानाचा तोबरा भरलेला एक इसम चढायला आला. दार त्याच्या नाकासमोर बंद! तो बाजूला जाऊन थुंकून आला, उघडलं. लांबून टोपलीवाली आजी डुलत येताना दिसली, तर ती पोहोचेपर्यंत दार आ वासून उभं!

साहेबांचं पेन थांबलं. "पान ओळखतं? त्या कंपन्यांच्या दारांना हे जमत नाही!"

"सर, इकडची माणसं इकडच्या दारालाच कळतात," रघुनंदन म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे एकमेव खरं वाक्य.

आणि मग डबा घेऊन यल्लव्वा आली. ती आधी कारखान्यात गेली होती, आणि नवरा कुठं लपलाय ते तिथं कुणीतरी तिला सांगून टाकलं होतं. दार उघडेना!

"उघड की! डबा इसरून पळतोस? भाकरी काय म्या दारोदार फिरवू?"

दार थरथरलं. बोटभर उघडलं. डबा आत गेला. दार मिटलं.

"ही दाराशी भांडते?"

"सर, इकडं दाराशी बोलतात सगळे."

"पण तिला आत का घेत नाही?"

"सर... भांडण आत येऊ देत नाही ते."

साहेबांनी पेन खिशात टाकलं. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "हे दार घराला बसवून मिळेल का?"

ऑर्डर आली ती एकाच बसची, आनेकल ते मार्केट. अट एकच: दार बदलायचं नाही. आठव्या दिवशी चेन्नईचा सेन्सर उगवला. रघुनंदननं प्रामाणिकपणे त्याच दाराला बसवलाही. दुसऱ्याच दिवशी प्रवाशांची तक्रार: नवं दार आजीला चेपतं, पानवाल्याला घेतं, कुणासाठी थांबत नाही. जुनंच द्या!

मल्लाप्पा डबा घेऊन परत कपाटात गेला. परवा रघुनंदननं खात्याला अर्ज पाठवला:

"विषय: सदर दरवाजास दुपारी एक ते दीड भोजनाची सुट्टी मंजूर होणेबाबत. महोदय, सदर दरवाजाचे वय अठ्ठावन्न असून त्यास गुडघेदुखी आहे. सबब बसण्यास एक उशी, तसेच गौरीच्या सणाला पत्नीसह गावी जाण्यास चार दिवसांची भरपगारी रजा मिळावी, ही नम्र विनंती."