बाजेचा राखणदार

शहात्तर सालच्या वैशाखात, भरदुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, उंब्रजजवळच्या एका गावात हवालदार आकाराम आपल्या अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर आडवे झाले. त्यांना कोणताही आजार नव्हता. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

बावीस वर्षं पलटणीत ते बिगुलावर उठले आणि बिगुलावर निजले. पेन्शनीत निघाल्यावर रोज दुपारी तासभर गुमान पडायचं, एवढाच बेत त्यांनी थंडीवाऱ्यात पहारा देताना पक्का केला होता. पण गावात धडधाकट माणूस दिवसा आडवा होत नसे. झालाच, तर त्याला बघायला जायची पद्धत होती.

पहिल्या आल्या शेजारच्या सुलाबाई.

“आवं भावजी, काय हुतंय?”

“काय न्हाई. झोपतोय.”

“ताप हाय का?”

“न्हाई.”

“मग झोपताय कशापायी?”

हवालदारांनी कूस बदलली. दोन वाजेपर्यंत अकरा माणसं विचारपूस करून गेली आणि हवालदारांच्या पत्नी बनुबाईंनी अकरा वेळा चहा टाकला. तिसऱ्या दिवशी पाटणचे पाहुणे एस.टी.नं मोसंबी घेऊन आले आणि हवालदार बोलतचालत आहेत हे बघून थोडे नाराज झाले.

“उठून बसा की,” बनुबाई काकुळतीला आल्या. “तुमी पडल्यापास्नं मला टेकाया मिळंना.”

चौथ्या दिवशी ग्रामसेवक श्रेणिक मगदूम आले. सांगलीकडचे, अत्यंत सज्जन, पण कागदावर नसलेली गोष्ट त्यांना डोळ्यांनीही दिसत नसे. तालुक्यात ‘आळस निर्मूलन पंधरवडा’ चालू होता आणि पाहणीला साहेब यायचे होते.

“हवालदार, माझ्या तक्त्यात आडव्या माणसासाठी दोनच रकाने आहेत. आजारी किंवा आळशी. आजाराला दाखला लागतो.”

हवालदार इमानदारीनं दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जीभ, छाती, पोट तपासून दाखला दिला : प्रकृती ठणठणीत. मगदुमांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

“हा तर तुमच्याच विरुद्ध पुरावा झाला.”

शेवटी वाटही त्यांनीच काढली. तक्त्यात नोंद झाली : ‘सदर इसम दुपारी एक ते दोन या वेळेत बाजेची राखण करतो.’ राखण म्हणजे काम. फक्त कामावर असताना झोपता येत नाही, एवढीच अडचण उरली. त्यामुळे हवालदार काठी घेऊन स्वतःच्याच बाजेशेजारी ताठ उभे राहू लागले. विचारपूस थांबली. येणारेजाणारे म्हणू लागले, “हवालदार लय कामाचा माणूस हाय गड्या.” बाज कोणापासून राखायची, हे कुणीच विचारलं नाही.

साहेब आले ते उन्हातून तीन गावं उरकून. त्यांनी बाजेची कसून पाहणी केली. सुंभ दाबून पाहिला, मग टेकले, मग लांबी तपासायला आडवे झाले, आणि घोरू लागले. गाव अदबीनं उभं राहिलं. सुलाबाईंनी पदरानं माशा वारल्या. ताप आहे का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. जन्मात हवालदारांना इतका हेवा कुणाचा वाटला नव्हता.

तासाभरानं साहेब दचकून उठले.

“मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो.”

“व्हय साहेब,” गाव म्हणालं.

साहेबांनी शेरा लिहिला : गावात आळस आढळला नाही.

“साहेब,” हवालदार धीर करून म्हणाले, “मी बी रोज तासभर विचार केला तर चालंल का?”

“तुम्ही?” साहेबांना मनापासून नवल वाटलं. “तुम्हाला कशाला लागतो विचार?”

दुसऱ्या दिवसापासून हवालदार पुन्हा बाजेवर आडवे होऊ लागले, पण तोंडासमोर वर्तमानपत्र उघडं धरून. कुणी मोसंबी आणली नाही, कुणी रकाना काढला नाही. वाचणारा माणूस कामात असतो. त्यांचे हात तेवढे अवघडतात, आणि डोळा लागायच्या आत दोन वाजतात.

तुम्हीही या क्षणी हातात छापील कागद धरूनच बसला आहात. गोष्ट संपली. ठेवा तो बाजूला आणि मिटा डोळे. दारात कुणाचं पाऊल वाजलंच, तर दचकून उठताना तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल, ते तुम्हाला ठाऊक आहे.