सबनीसांची सही

या, अशा पुढे या. दाराशी परक्यासारखं काय बसलात? आणि तो फोन आधी पालथा ठेवा बरं. मी एका माणसाबद्दल सांगायला घ्यायचं आणि तुमचा अंगठा तिकडे वरखाली, हे मला चालायचं नाही. इतक्या दिवसांनी भेटता, तर नीट ऐका.

तर आमचे सबनीस. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी पाणी घेऊन उभी आणि हे दारातच थबकलेले. म्हणाले, "वहिनी, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?"

"भाऊजी, अजून चहासुद्धा टाकला नाही मी."

"म्हणूनच आत्ता विचारतोय."

सगळ्या खोल्या हिंडले, जिना उतरून बघून आले, आग लागलीच तर खाली पार्किंगच्या फाटकापाशी जमायचं असं ठरवून दिलं, आणि मग पाणी प्यायले.

दोह्यात अल नस्रला आमची बिल्डिंग, आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. गॅसच्या प्लँटवर ते सेफ्टी ऑफिसर. तिथं कुणाला उंचावर चढायचं असो की वेल्डिंग करायचं असो, आधी परमिटचा कागद लागतो आणि त्यावर यांची सही. सही नाही तर काम नाही. साहेब ओरडू दे, कंत्राटदार पाया पडू दे, यांचं एकच, "घाई कोणाला आहे?" आमचे हे म्हणतात, सबनीसांना नमस्कार केला तरी ते आधी वाचून बघतात.

एका दिवाळीत मी चकल्या तळत होते. वेल्डिंग चालू असलं की प्लँटवर एक माणूस नुसता ठिणग्यांवर नजर ठेवायला उभा करतात, त्यानं दुसरं काही करायचं नाही. त्या न्यायानं सबनीस दोन तास माझ्या कढईकडे बघत उभे. मी म्हटलं, "चकली तरी खा." "ड्यूटीवर खात नाही." गॅस बंद केल्यावरही अर्धा तास हलले नाहीत, कारण ठिणगी मागाहून पेटते म्हणे. तो अर्धा तास संपला आणि जे बसले, ते डबा निम्मा करूनच उठले.

'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला, लवकर', या शब्दावर त्यांचा भारी राग. आमच्या मराठी मंडळाची सहल वाळूच्या टेकड्यांवर गेली होती. निघताना ड्रायव्हर यल्ला यल्ला करतोय आणि सबनीस बसच्या मधल्या वाटेत उभे राहून डोकी मोजतायत. आलो तेवीस, भरले चोवीस. परत मोजलं, चोवीसच. आमचे हे म्हणाले, "वाढलंय ना, कमी तर नाही? चला की." पण नाही. सगळ्यांना उन्हात उतरवलं. शेवटी मागच्या सीटखाली एक केरळचा माणूस गाढ झोपलेला सापडला. त्याच्या कंपनीची बस त्याला न मोजताच निघून गेली होती. मग आमची बस आधी इंडस्ट्रियल एरियात, कामगार राहतात तिकडे, त्याला त्याच्या खोलीच्या दारात सोडलं आणि रात्री नऊला आम्ही घरी. सगळे कुरकुरले. सबनीस मात्र वाटभर त्या माणसाच्या शेजारी बसून होते.

आता दुखरी बाजू सांगते. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी गार्गी, इथंच वाढलेली, सध्या मेलबर्नला नोकरीत. मागच्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं की सुट्टीच्या दिवशी ती छोटं विमान चालवायला शिकतेय. सबनीस म्हणाले, "मी परवानगी देत नाही." ती म्हणाली, "मी मागत नाहीये बाबा, सांगतेय." झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी फोन व्हायचा, पण जेवलीस का, थंडी आहे का, एवढाच. विमानाचं नाव तिनं काढायचं नाही, यांनी विचारायचं नाही. दोनदा ती येते म्हणाली, दोनदा हे म्हणाले, "राहू दे, तिकडेच सांभाळून राहा." आणि मग माझ्याकडे येऊन मेलबर्नला वारा किती सुटलाय ते फोनवर बघत बसायचे.

अशात टीव्हीवर ते अंतराळात जाणारं रॉकेट आलं. चार माणसं बसून जाणार, त्यात एक बाई. आमचा टीव्ही मोठा, म्हणून मी सबनीसांना रात्री जेवायलाच बोलावलं. उलटी मोजणी चालू झाली आणि शेवटच्या काही मिनिटांत सगळं थांबवलं. कुठल्याशा झडपेचा आकडा बरोबर येईना म्हणे. आमचे हे वैतागून उठले. सबनीस टाळ्या वाजवत होते. एकटेच.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दारात. मी म्हटलं, "भाऊजी, ते उडालं नाही."

"म्हणून तर. सगळं जग बघतंय आणि कोणीतरी एक जण नाही म्हणाला. सोपं असतं का, वहिनी?"

दोन दिवसांनी पुन्हा जमलो. या वेळी तिथल्या कंट्रोल रूममध्ये एकेका टेबलाला विचारलं, तयार का, तयार का, आणि सगळ्यांनी हो म्हटलं. खालून उजेड फुटला, सगळा पडदा पांढराफटक झाला. आमचे हे आणि मी ओरडलो. सबनीस सोफ्यामागे उभे, हात पाठीशी घट्ट. कॅमेऱ्यानं त्या चौघांच्या घरची माणसं दाखवली. बाकीचे हात हलवत होते. त्या बाईचे वडील तेवढे हलत नव्हते. म्हातारा माणूस, टोपी काढून छातीशी धरलेली, मान वर.

सबनीस हळूच म्हणाले, "ह्यांची सही कोणी विचारली नसेल."

"नाही विचारत हो," मी म्हटलं. "तरी आलेच ना बघायला."

आठ-नऊ मिनिटांनी चौघं सुखरूप वर पोचल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले. मग उठून बाल्कनीत गेले. एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. मी ताक घेऊन गेले ती दारातच थांबले.

"बाबा? काय झालं? आज शुक्रवार नाहीये." तिकडे सकाळ झालेली.

"काही नाही. किती तास झाले तुझे?"

"कसले तास?"

"विमानाचे."

ती म्हणाली, "एकेचाळीस. तीन एकटीनं."

सबनीसांनी कठडा धरला. "एकटीनं. आणि वारा असला तर कोण ठरवतं?"

"मीच ठरवते. मागच्या शनिवारी सगळे उडाले, मला वारा ठीक वाटला नाही. आय सेड नो. सगळे हसले."

"हसू देत."

"आय नो, बाबा. तेच आलं डोक्यात. तुम्ही हेच म्हणाला असता."

सबनीसांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. खांदे असे खाली आले त्यांचे, जसं कोणी पाठीवरचं पोतं उतरवून घ्यावं. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला सैल उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ताकाचा पेला माझ्या हातातच राहिला.

"तू विमानात बसलेला एखादा फोटो असेल ना? पाठव," ते म्हणाले. "आणि ईदच्या सुट्टीत इकडे ये. मला नऊ दिवस आहेत." बोटांवर महिने मोजले. "नको, ईदला अजून बराच अवकाश आहे. त्याच्या आधीच ये, गार्गी. लवकर ये."