डावीकडचा बाण

वर्षश्राद्ध आणि सायकलींची शर्यत एकाच रविवारी आली, यात तसा कोणाचाच दोष नव्हता. तिथी पंचांगाने ठरवली होती आणि रविवार योगेंद्रने.

"शर्यत नाई आत्या, राइड," योगेंद्र देवकाबाईंना तिसऱ्यांदा सांगत होता. "यात कोणी जिंकत नाई."

"मंग चालवतात काऊन?"

योगेंद्र देवकाबाईंचा भाचा. वर्ध्यात त्याचं सायकलींचं दुकान होतं, आणि महागड्या सायकली विकल्यावर गिऱ्हाइकांना त्या चालवायला जागाही आपणच दाखवावी लागते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने जाहिरात काढली होती: 'द्राक्षबागांच्या प्रदेशातून, ऐतिहासिक कालव्याकाठी, ग्रॅव्हल सायकल सफर.' ग्रॅव्हल म्हणजे मुरूम. कालव्याकाठचा हा मुरमाचा रस्ता डांबरी करावा म्हणून हिंगणीकडच्या लोकांनी अर्ज करकरून पेनं संपवली होती. आता नागपूरचे लोक पैसे भरून त्याच मुरमावर येणार होते.

द्राक्षबागांचा प्रदेश म्हणजे देवकाबाईंच्या दिवंगत यजमानांचा, महादेवरावांचा अर्धा एकर. चहूकडे कपाशी, तूर आणि गहू, आणि मधोमध लोखंडी अँगलवर तारा ताणून चढवलेले द्राक्षाचे वेल. या मातीत द्राक्ष गोड होत नाही असं सगळे सांगत असताना त्यांनी ते लावले होते. दर वर्षी ते "यंदा गोडी येईन" म्हणायचे. दर वर्षी पाहुणे एक मणी खायचे आणि विषय बदलायचे.

कालवा ऐतिहासिक होता की नाही हे सांगता येणार नाही, पण त्यावरची भांडणं नक्कीच ऐतिहासिक होती. त्यातल्या बहुतेकांत एका बाजूला महादेवराव असत. ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने सोडणारे. पाळी नसेल त्याचं गेट ते बंद करत, वर कुलूप घालत आणि किल्ली जानव्याला बांधत. सोयरा, शेजारी, सरपंच, कोणीही असो. एका रब्बी पाळीला त्यांनी पुंडलिकरावांचं गेट बंद केलं. पुंडलिकराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र. गहू ओंबीवर होता. तो वाळला, आणि पुंडलिकरावांनी गेटावर उभं राहून सांगितलं, "आजपासून तुह्या दारचं पाणी पेईन तं नाव बदलजो."

त्यानंतर ते आले नाहीत. महादेवराव गेले तेव्हाही नाहीत, तेरवीलाही नाहीत.

ज्योत्स्ना, महादेवरावांची एकुलती मुलगी, नागपूरहून रजा घेऊन आली होती. श्राद्धाच्या तयारीत तिने जेवढं करता येईल तेवढं केलं होतं, आणि जे करता येणार नाही तेही एकदा करून पाहावं म्हणून ती पुंडलिकरावांकडे गेली. त्यांचं शेत कालव्याच्या गेटाला लागूनच होतं. ते मांडवात बसून दोर वळत होते.

"काका, रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. आईनं सांगितलं आहे, येजा म्हणून."

"माहा रस्ता तिकडून जात नाई."

"गेटापासून डावीकडे वळलं की बागच आहे."

"मले ठाऊक आहे कोठी काय आहे. मी सरळ जातो. डावीकडं माहं काई काम पडत नाई." त्यांनी दोराला एक पीळ जास्तच दिला. "सायकलीवाल्याचं चुन्याचं पोतं ठेवलं हाये त्या कोपऱ्यात. त्याले सांगजो, उंदरं लागतीन."

चुन्याचं पोतं म्हणजे फक्की. योगेंद्रने एकच पोतं आणलं होतं. त्यातून त्याने कालव्याकाठी सायकलींसाठी बाण काढले, डांबरी रस्त्यावर श्राद्धाच्या पाहुण्यांसाठी बाण काढले, आणि उरलेलं पोतं पुंडलिकरावांच्या मांडवात टाकलं. दोन्ही वाटा वेगळ्या होत्या. सायकली कालव्यावरून गेट ओलांडून सरळ धरणाकडे जाणार होत्या, आणि पाहुणे दुसऱ्या बाजूने, डांबरी रस्त्याने बागेत येणार होते. घोटाळा व्हायला जागाच नव्हती.

रविवारी अकरा वाजले तरी घोटाळा नव्हता, आणि पाहुणेही नव्हते. आचाऱ्याने दोनशे पानांचा स्वयंपाक केला होता. वेलींच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या होत्या, पत्रावळी मांडल्या होत्या आणि सतरंज्यांवर शेजारच्या अनुसयाबाई, भटजी आणि चार-सहा नातेवाईक एवढेच होते. नातेवाईक एकमेकांपासून लांब बसले होते, म्हणजे जरा जास्त वाटावेत.

"पाटकऱ्याच्या पंगतीले कोण येते," अनुसयाबाई हळूच म्हणाल्या. "साऱ्यायचं पाणी तोडलं त्यानं."

"पाळीनं तोडलं," ज्योत्स्ना म्हणाली.

"पाळीनंच तं. बिनपाळीनं तोडलं असतं तं लोकं विसरले असते."

देवकाबाईंनी काहीच ऐकल्याचं दाखवलं नाही. महादेवरावांच्या फोटोजवळ, पंगतीच्या तोंडाशी त्यांनी एक पत्रावळ वेगळी मांडली आणि तीवर पेला ठेवला.

"हे पुंडलिकभाऊचं पान. इथी कोणी बसू नोका."

"आई, ते येणार नाहीत. तसं सांगितलं त्यांनी."

"त्याईचं पान तं मांडीन मी. न येनं त्याईचं काम, पान मांडनं माहं."

तेवढ्यात वेलींच्या पलीकडून शिट्टी ऐकू आली. मग घंटी. मग कालव्याच्या बाजूने धूळ उठली आणि धुळीतून सायकली बाहेर पडल्या. एकामागून एक, काळ्या चड्ड्या, भडक बनियनं, डोक्यावर टोप्या. शेवटी अँब्युलन्स. पुढचा उंच माणूस फोटोजवळ उतरला, हात वर करून म्हणाला, "वेलकम टू द विनयार्ड," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "काय वं बाई. चड्डीवरच निघाले सारे. अंगोळीतून उठवून आणले का?"

उंच माणसाचं नाव निकेश. नागपूरला तो संगणकाच्या कंपनीत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे होता. त्याने वेलींचा मांडव पाहिला, पत्रावळी पाहिल्या, कढईत तळले जाणारे उडदाचे वडे पाहिले.

"योगेंद्रभाऊनं हे सांगितलंच नाही. लोकल फूड. सरप्राइज ठेवलं होतं वाटतं." मग फोटोकडे वळून त्याने ज्योत्स्नाला विचारलं, "हे फाउंडर का?"

ज्योत्स्नाने फोटोकडे पाहिलं. "हो."

"भेटता येईल?"

"नाही. आज त्यांचं वर्षश्राद्ध आहे."

निकेशने टोपी काढली. मागच्याने पाहिलं आणि काढली. मग एकेक करत सगळ्यांनी काढल्या आणि अर्धा एकर द्राक्षबागेत घामेजलेली डोकी खाली घालून माणसं उभी राहिली. कोणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ इंग्रजीत म्हणालं की तुम्ही थांबलेले दिसता.

नातेवाइकांनी फोटोपुढे फुलं वाहिली. तीच इथली पद्धत असावी असं समजून सायकलवालेही रांगेत लागले, आणि जवळ जे होतं ते वाहू लागले. केळी, चिक्की, शक्तीच्या चिकट पाकाच्या पुड्या. एकाने पंक्चरचं सोल्यूशन वाहिलं. भटजींनी आधी हरकत घ्यायचं ठरवलं होतं, पण केळी चांगली होती.

"आई, आता?" ज्योत्स्नाने विचारलं. "यांना सांगायला हवं ना."

"काय सांगाचं? पंगतीत आलेल्याले उठवत असतात का? बसवजो त्याईले. जोडे काढाले सांग फक्त."

जोड्यांना खाली पेडलात अडकवायच्या लोखंडी खिळ्या होत्या, ते काढायला वेळ लागला. तेवढ्या वेळात निकेशने द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला. त्याचा एक डोळा मिटला. दुसराही मिटण्याच्या बेतात होता, पण त्याने तो निकराने उघडा ठेवला.

"फार वेगळी आहेत," तो म्हणाला, आणि विषय बदलायला जवळची पहिली पत्रावळ दिसली, तिच्यापुढे जाऊन बसला.

"अगं माय," अनुसयाबाई म्हणाल्या.

तो पुंडलिकरावांच्या पानावर बसला होता. आणि बसला तो बसला, वरण वाढलंही गेलं. वाढलेल्या पानावरून माणूस उठवायचा नाही, हा देवकाबाईंचाच नियम. त्या पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या रडल्या नव्हत्या, आणि आता एका वरणभातापायी रडतात की काय असं ज्योत्स्नाला वाटलं.

तेव्हा योगेंद्र मोटरसायकलवरून आला. धरणावर तो तासभर पदकं घेऊन उभा होता, आणि एकही माणूस पोचला नव्हता.

"इकडं कसे आले सारे? बाण सरळ काढला होता मी!"

"डावीकडे होता," निकेश वडा खात म्हणाला. "गेटापाशी. चांगला हातभर लांब."

"डावीकडं मी काढलाच नाई. कोणं काढला?" तो पुन्हा मोटरसायकलवर बसला, गेटापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. "सरळवाला चपलीनं पुसला कोणं तरी. अन् डावीकडं नवा काढला. हे काम मुद्दाम केलेलं हाये आत्या. सापडला पाहिजे थो मले."

सगळे कालव्याच्या वाटेकडे पाहत होते. तिकडून पुंडलिकराव चालत येत होते. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, हात मागे बांधलेले. फोटोपासून दहा पावलांवर ते थांबले.

"मी काही इकडं निघालो नव्हतो," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "बाण होता म्हणून वळलो. सरकारी रस्त्यावर बाण काढला तं माणूस वळनच."

"वळनच भाऊ," देवकाबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी पंगतीवरून नजर फिरवली. ती पहिल्या पानावर थांबली. निकेशने भात कालवता कालवता त्यांना नमस्कार केला.

"माह्या पानावर हा कोण बसला?"

आपलं पान मांडलं असेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"पाहुणा आहे काका," ज्योत्स्ना म्हणाली. "चुकून बसला."

"पंक्चरवाला दिसते. जेवू दे." ते तसेच उभे राहिले. "मी दुसऱ्या पंगतीले बसतो. घाई नाई मले. मी काही ठरवून आलो नाई."

ज्योत्स्नाने नवी पत्रावळ आणली आणि फोटोच्या दुसऱ्या बाजूला मांडली. मग पाण्याचा गडवा घेऊन त्यांच्यापुढे गेली, वेलींच्या बुडाशी. "हात धुवा काका."

पुंडलिकरावांनी योगेंद्रकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी मागे बांधलेले हात पुढे केले.

तिने पाणी सोडलं. हातावरून खाली पडणारं पाणी पांढरं होतं. नखांच्या फटीतून, बोटांच्या पेरांतून फक्की सुटून दुधासारखी वेलाच्या आळ्यात जात होती. मागे योगेंद्र एकेका सायकलवाल्याला विचारत फिरत होता, की कोणाचे बूट पांढरे आहेत का.

ज्योत्स्नाने त्याला हाक मारली नाही. ती जरा बाजूला सरकली, म्हणजे पुंडलिकरावांच्या हातांच्या आणि योगेंद्रच्या मध्ये तिची पाठ आली. गडवा रिकामा झाला. तिने दुसरा भरून आणला, आणि या वेळी धार बारीक ठेवली.

पुंडलिकरावांनी ओंजळ तशीच धरून ठेवली. फोटोकडे न पाहता ते म्हणाले, "पाणी आखडू नको पोरी. तुह्या बापानं लय आखडलं."

तिने गडवा उपडा केला.