सिस्टर आणि दुसरं दार

लग्नाला गेलं की माणसं नवरानवरी बघतात, निर्ढावलेली असली तर थेट पंगत बघतात. आमच्या सुमन सिस्टर दार बघतात. तेही दुसरं.

माझ्या पुतणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, त्यांनी माझ्या भावाला हळूच विचारलं, "बाहेर जायाला दुसरं दार कुटं हाय?" बाईंना मळमळतंय असं वाटून भाऊ लिंबू शोधायला धावला. तो परतेपर्यंत सिस्टरांनी मागच्या दाराला टेकवलेलं नवरानवरीचं सिंहासन चार वऱ्हाड्यांकडून हलवून घेतलं होतं. स्वागत समारंभाचे सगळे फोटो त्यामुळं हात धुवायच्या बेसिनजवळ निघाले.

सिस्टर आमच्या आपत्ती कक्षाच्या अधिकारी, मी तिथला कारकून. हुद्द्यानं त्या मॅडम. पण कुणी "मॅडम" म्हटलं, की मागं कोण आलंय ते वळून बघतात. मोडनिंबकडच्या मेंढपाळाच्या या लेकीनं सोलापुरात सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात कित्येक वर्षं काढली. ड्यूटी करून अभ्यास केला, परीक्षा दिली आणि इकडं आल्या. चांगली नोकरी का सोडली, असं मी एकदा विचारलं.

"मानूस माज्याकडं यायचं तवा उशीर झालेला असायचा," एवढंच म्हणाल्या.

आगीची रंगीत तालीम असली की त्या आम्हाला जिन्यावरून "हॅर्र, हॅर्र" करत खाली हाकायच्या. "मेंढरं बरी. एकामागं एक जात्यात. तुमी मोबाईल घ्याया माघारी फिरताय!"

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या तपासणीला आम्ही गेलो होतो. मागच्या दारापुढं छतापर्यंत गठ्ठे रचलेले. मालकांनी चहा मागवला.

"दार उगडल्यावर घेते," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पण माल ठेवू कुठं?"

"तुमची केबिन लई मोटी हाय की."

चहा पार गार झाला. शेवटी गठ्ठे केबिनमध्ये गेले, आणि मालक पुढं कित्येक दिवस टॉवेलांवर बसून व्यापाऱ्यांशी बोलत होते. सिस्टरांनी सगळ्या कामगारांना त्या दारातून पुन्हापुन्हा बाहेर काढलं. लक्ष्मीअक्का नावाची तेलुगू विणकरीण तर "हॅर्र" ऐकून हसून हसून खालीच बसली.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी त्या कारखान्यात आग लागली. आम्ही पोचलो तेव्हा बंब पाणी मारत होते आणि समोरच्या लिंबाखाली सगळे कामगार उभे होते. मागच्या दारानं सगळेच्या सगळे बाहेर आले होते.

आता सिस्टर मालकाला फैलावर घेणार, असं मला वाटलं. पण त्या सरळ लिंबाखाली गेल्या. एकेकाचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून बघू लागल्या. तळवे, बोटं, मनगटं.

लक्ष्मीअक्काची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "काय झालं नाही सिस्टर. सगळे आलो की आम्ही!"

"व्हय गं," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात असले हात कदी बगाया मिळाले न्हाईत."

मग त्या तिथंच, मातीत, अक्काच्या शेजारी बसल्या. बंब निघून गेले, कामगार पांगायला लागले. मी गाडी आणू का म्हणून विचारायला गेलो, तर अक्कानं मानेनंच मला थांबवलं. तिचा हात अजून सिस्टरांच्या हातात होता.