दहावा माणूस

मी कशालाच घाबरत नाही! हे मी आजवर इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला होता. धडगावच्या कचेरीत मी अव्वल कारकून. दर सोमवारी घाटातून जीपने वर जातो, तेही मागे लटकून. एक पाय आत, एक पाय सातपुड्यात! घरात फुरसं निघालं तर खराट्याने बाहेर काढतो. आमच्या बायकोच्या माहेरची माणसं एकदम नऊ जण आठ दिवस राहायला आली, तेव्हाही मी जागचा हललो नव्हतो.

नऊ म्हटलं, बघा. दहा नाही म्हटलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

आम्ही शहादा तालुक्यातले, तापीकाठचे. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा गावात टीव्ही एकच, लोटनआप्पांचा. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर शोभाकाकू लाल सतरंजी टाकायच्या आणि अर्धं गाव तिच्यावर बसायचं. एक मालिका लागायची. राजे, तलवारी, घोडे, सगळं होतं, पण आम्हा पोरांना त्यात एकच माणूस दिसायचा. खप्परसेन! हा दुष्ट मांत्रिक डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचं वाकडं बोट उचलायचा आणि घोगऱ्या आवाजात समोरची माणसं मोजायचा. "एक… दो… तीन…" ज्याच्यावर 'दस' यायचा तो माणूस तिथल्या तिथे दगड! मग त्या नटाच्या तोंडाला राखाडी पावडर फासलेली दिसायची. आता कळतं की ती पावडर होती. तेव्हा कुठे कळत होतं?

एका रविवारी खप्परसेनाने मोजता मोजता बोट सरळ टीव्हीबाहेर रोखलं. थेट ओसरीवर! "नौ…" म्हणाला आणि थांबला. मी पहिल्या रांगेत. 'दस' म्हणायच्या आत सतरंजीवर जे व्हायला नको होतं ते झालं. चांगला हातभर पसरलेला डाग! पोरं ओरडली, "कोन मुतनं? कोन मुतनं?"

माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ नवनीत बसला होता. सहा वर्षांचा. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

तो उठला, माझा हात धरला आणि मला घरी घेऊन गेला. पुढे कॉलेजला जाईपर्यंत गावातली पोरं त्याला 'सतरंजी' म्हणायची. मीही म्हणायचो! लग्न झाल्यावर बायकोला, चारुलताला, मी हा किस्सा अगदी रंगवून सांगितला, नवनीतच्या नावावर. मुलीला सांगितला. दरवर्षी दिवाळीत सगळे जमले की सांगतो. नवनीत समोर बसून मान खाली घालून हसतो. सदतीस वर्षं झाली.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या रुचिकाचं जमलं! मुलगा नवापूरचा, लोकेश. दोघं नंदुरबारला एकाच बँकेत, त्यामुळे आधी त्यांचं जमलं आणि मग आमचं. लोकेशच्या वडिलांची, गिरधरभाऊंची, मोठी पोल्ट्री. घर बघायला नवापूरला नवनीत आणि चारुलता गेले होते, कारण मला तेव्हा कचेरीत शिबिर होतं. फोनवर मात्र मी व्याह्यांशी दोनदा बोललो. आवाज जरा घोगरा वाटला. मी म्हटलं, रेंज नसेल.

साखरपुडा आमच्या गावी, आमच्या अंगणात. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं, "कोणी काही बघायचं नाही. मी आहे!"

"फक्त पंगतीत नीट बसा," चारुलता म्हणाली. "व्याह्यांच्या शेजारी बसायचं, शेवटपर्यंत बसायचं. मधेच मोबाइल घेऊन उठू नका."

हे तिने सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे सोयरिकीत नारळ, टॉवेल-टोपी सगळं होतंच, पण खरी सोयरीक पक्की होते पहिल्या पंगतीत. दोन व्याही शेजारी बसून एका वेळी जेवले, की झालं. मुलीचा बाप मधेच उठला, तर त्याचा अर्थ एकच. मंजूर नाही!

पाहुणे आले. गिरधरभाऊ उंच, दणकट, पांढरा सदरा, भरघोस मिशी. गळाभेट झाली, टोपी झाली, रुचिकाच्या बोटात अंगठी गेली. पोरगी काय हसत होती म्हणून सांगू! सगळं कसं छान चाललं होतं. मग पहिली पंगत बसली. अंगणात समोरासमोर दोन ओळी, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. समोरच्या ओळीत नऊ जण. आमच्या ओळीत पहिला मी, माझ्या शेजारी गिरधरभाऊ, पुढे बाकीचे. नवनीत वरणाची बादली घेऊन वाढायला.

गिरधरभाऊ म्हणाले, "थांबा. मोजल्याबिगर मन्हा घास उतरत नही. धंदाच तसा शे!"

आणि त्यांनी डावा डोळा मिटला. उजव्या हाताचं बोट उचललं. बोट वाकडं! आवाज घोगरा!

"एक… दो… तीन…"

मी स्वतःला समजावलं, भूपेश, तू सत्तेचाळीस वर्षांचा आहेस. अव्वल कारकून आहेस. हे तुझे व्याही आहेत, सुरतेला अंडी पाठवतात, म्हणून हिंदीत मोजतात. डोक्याला सगळं पटलं. पायांना पटलं नाही.

"सात… आठ… नौ…"

समोरची ओळ संपली. बोट वळलं. माझ्याकडे!

"लिंबू!" मी ओरडलो आणि उठलो. "लिंबू राहिलं!"

"लिंबू पानात आहे दादा," नवनीत म्हणाला.

मी तरी स्वयंपाकघरात जाऊन आणखी चार घेऊन आलो. तोवर मोजणी अर्धवट राहिल्यामुळे गिरधरभाऊ खोळंबले होते. आता पुन्हा पहिल्यापासून मोजणार! मी म्हटलं, शहाणपणा करायचा. जागाच बदलायची. समोरच्या ओळीच्या शेवटी जागा दिसली, तिथे जाऊन बसलो. तिथे आधीच नऊ जण होते. नऊ अधिक एक किती, हे मला बसल्यावर कळलं.

"आठ… नौ…"

मी पुन्हा उठलो. आता माझे दात वाजायला लागले होते, ते कोणाला ऐकू येऊ नयेत म्हणून मी मानाचा नवा टॉवेल नाकातोंडावर दाबून धरला आणि ओळीच्या मधोमध, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये घुसलो. चारुलता ओट्यावरून डोळे वटारून बघत होती. "काय करी ऱ्हायनात तुम्ही?" तिने ओठांनीच विचारलं. मी टॉवेलमधूनच मान हलवली.

या वेळी गिरधरभाऊंनी सुरुवात स्वतःच्या ओळीतून केली! तिकडचे चार, मग समोरचे. पांच… छह… सात… माझ्या डावीकडच्या म्हाताऱ्यावर येऊन बोट थांबलं.

"नौ…"

आणि ते थांबले. नुसते थांबले हो! त्यांच्या मिशीवर माशी बसली होती, ती त्यांनी हाकलली. पण खप्परसेनही 'नौ' म्हणूनच थांबला होता. मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. लोक सांगतात की मी "अगं आई गं!" म्हणून उडी मारली, माझा एक पाय नवनीतच्या वरणाच्या बादलीत गेला, दुसरा तुपाच्या वाटीत, आणि मी पिवळे ठसे उमटवत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे दिसेनासा झालो.

मग रंजनाबाईंचा, विहीणबाईंचा आवाज आला, "व माय! पोरीना बाप पंगतमाईन उठी गया!"

"एकदा नही, तीनदा!" कोणीतरी म्हणालं.

"नाकले टॉवेल लाईसन!" तिसरं कोणीतरी.

मी ट्रॉलीच्या फटीतून बघितलं. गिरधरभाऊंनी हातातली बट्टी पानात परत ठेवली. त्यांच्या सगळ्या पाहुण्यांनी हात आखडले.

"भूपेशभाऊ!" ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मन्ह्या कोंबड्यास्ना वास येस का तुमले? आंघोळ करीसन, नवा कपडा घालीसन उनू मी. तरी शेजारी बठाले कमीपना वाटना? मंग आधी सांगनं व्हतं. इतला मानसंमजार काबर सांगं?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं! पण टॉवेल नाकाला, शेजारची जागा सोडून तीनदा उठलेलो. दुसरं कोणी काय समजणार? ते उभे राहिले. त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं.

रुचिका धावत ट्रॉलीमागे आली. नवा शालू, डोळ्यांत पाणी. "पप्पा, काय झालं तुम्हाला? ते निघाले!"

"ॲसिडिटी," मी म्हणालो.

"पप्पा, खरं सांगा ना! तुम्हाला लोकेश पसंत नाही का?"

"पसंत आहे गं!"

"मग या ना बाहेर!" ती अंगठी बोटात गोल गोल फिरवत होती. मी माझ्या वरणाने माखलेल्या पायाकडे बघत राहिलो. काय सांगायचं? तुझा बाप टीव्हीतल्या माणसाला घाबरून पळाला म्हणून?

तेवढ्यात नवनीत आला. पँटवर वरण, हातात रिकामी बादली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अंगणात गिरधरभाऊंच्या, निघताना आपली माणसं मोजणाऱ्या बोटाकडे. त्याला सगळं कळलं. फक्त त्यालाच कळणं शक्य होतं.

"दादा, तू बठ आठेच, ट्रॉलीमागे," तो हळूच म्हणाला. "मी सांगी देसू. मन्ही चूक व्हती सांगसू. गरम वरण मीच तुन्हा पायवर सांडं, म्हणीसन तू उठना."

आणि तो निघालासुद्धा! बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेत मुख्याध्यापक, आणि माझ्यासाठी परत सतरंजी व्हायला निघाला. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की त्या भीतीलासुद्धा माझ्यात जागा उरली नाही.

"नवनीत, थांब!" मी म्हणालो आणि बाहेर आलो.

साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मी गिरधरभाऊंसमोर उभा राहिलो. "भाऊ, वास नाही. शपथ घेऊन सांगतो, कसलाच वास नाही. तुम्ही मोजलं म्हणून उठलो."

"मोजं म्हणीसन?"

"लहानपणी टीव्हीवर एक होता… खप्परसेन… तो असाच…" मी हातातला टॉवेल पिळत होतो. "दहाव्याला दगड करायचा. मी तिन्ही वेळा दहावा आलो. आणि ते सतरंजीवर… ते नवनीतने नाही केलं. मी केलं होतं. मी दहा वर्षांचा होतो, तो सहा. मी त्याच्या नावावर खपवलं. अजून खपवतो."

कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता चारुलता जन्मभर तोंड बघणार नाही.

ओट्यावरून शोभाकाकूंचा आवाज आला. लोटनआप्पा गेले, पण काकू ठणठणीत आहेत. "आरे भूप्या, ती सतरंजी मीच धुई व्हती ना! तू कोठे बठेल व्हता अन् नवनीत कोठे बठेल व्हता, माले म्हाईत नही का? तुन्ही बायकोले बी मी तिन्ही पहिली अखाजीना सनलेच सांगी दिन्हं!"

मी चारुलताकडे बघितलं. ती पदराआड तोंड लपवून हसत होती. पंचवीस वर्षं! पंचवीस दिवाळ्या मी हा किस्सा हातवारे करून सांगत होतो, आणि ही बाई दर वेळी "अय्या, हो का?" म्हणत होती!

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"भाऊजींनी हात जोडले होते," ती म्हणाली. "म्हणाले, दादाला वाईट वाटेल."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. टॉवेल होता हातात, पण तो पुन्हा तोंडाला लावायची हिंमत नव्हती.

गिरधरभाऊ मात्र अजून गंभीरच. ते दोन पावलं पुढे आले. मी म्हटलं, आता आटोपलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "तो… नौ म्हनीसन थांबे, तोच ना?"

"तोच."

"बाप रे!" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "भाऊ, मी बी पलंगखाले लपू! चार दिन ताप उना व्हता माले. मंग मी इचार करा, की दगड कोन व्हस? ज्याले मोजतस तो. जो मोजस तो काय दगड व्हत नही! तवयपाशीन कोठे बी जा, मी आधी मोजी लेस. कोंबड्या ऱ्हाओ नहीतर याही-विहीन ऱ्हाओ!"

मग जो हशा उसळला तो थेट प्रकाशा गावापर्यंत ऐकू गेला असेल. रंजनाबाई म्हणाल्या की तीस वर्षं झाली, हा माणूस झोपताना घरातली माणसं का मोजतो ते आज कळलं. रुचिका रडता रडता हसत होती. नवं वरण आलं, नव्या बट्ट्या आल्या, पंगत पुन्हा बसली. मी पाय धुऊन मुकाट्याने माझ्या जागेवर, गिरधरभाऊंच्या शेजारी. ठरवलं, आता आकाश कोसळलं तरी उठायचं नाही. दगड तर दगड!

"मोजू ना भाऊ?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"मोजा," मी म्हणालो आणि डोळे गच्च मिटले.

समोरची ओळ सुरू झाली. "एक… दो…" बट्टी माझ्या मुठीत चुरली. "सात… आठ… नौ…"

थांबले.

"दस!"

मला काहीच झालं नाही. मग लगेच माझ्या छातीसमोर बोट आलं आणि आवाज आला, "ग्यारह!"

मी डोळे उघडले. माझ्या पलीकडे, ओळीच्या अगदी टोकाला, नवनीत मांडी घालून बसला होता. बादली बाजूला ठेवून, कोणाला न सांगता, मी डोळे मिटल्यावर हळूच येऊन. पँटवरचं वरण अजून ओलंच होतं. माझ्याकडे न बघता तो बट्टी चुरत होता.

खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. त्याला माझ्या जागी बसवून स्वतः त्या दहाव्या जागेवर जायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, पंगतीतून मधेच उठणं बरं दिसतं का?