मायचा कान, माझं माप

नळी बदलायची की साचा, एवढाच प्रश्न होता. दुकानदाराने तो विचारला, मी उत्तर दिलं आणि त्या उत्तरापायी जयंतीच्या तोंडावर आमच्या घरी कोणी माझ्याशी नीट बोलेना. (तसं एरवीही फारसं कोणी बोलत नाही, पण तेव्हाच्या न बोलण्यात जोर होता.)

साल अठ्ठ्याण्णव. माझी माय, चंद्रभागा, हिने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून मला शिकवलं. मी आमच्या मंडलाच्या (आंध्रात तालुक्याऐवजी मंडल असतं) कचेरीत कारकून झालो आणि त्याच सुमारास तिचे कान गेले. (या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं मी धरून चालतो.) गावात दर चौदा एप्रिलला विहारापुढे जयंतीचा कार्यक्रम होतो. मुख्य भाषण बाहेरचा पाहुणा करतो आणि आभार मी मानतो. तोवर सलग अकरा वर्षं मानत आलो होतो. माय पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायची. तिला एक अक्षर ऐकू यायचं नाही आणि टाळी मात्र सगळ्यांत मोठी तिचीच असायची.

आदल्या पावसाळ्यात आदिलाबादच्या शिबिरात तिला कानाचं यंत्र फुकट मिळालं. यंत्र कानामागे अडकवायचं, त्यातून एक मऊ नळी निघते आणि नळीच्या टोकाला कानात घट्ट बसणारा साचा असतो. सहा महिने बरे गेले. मग ते शिट्टी मारायला लागलं. मायला ती शिट्टी ऐकू यायची नाही. उरलेल्या गल्लीला यायची. माझी बायको कुसुम कुकरच्या शिट्ट्या मोजून डाळ उतरवते. दोन शिट्ट्या कुकरच्या आणि दोन मायच्या, अशा हिशेबाची डाळ आम्ही आठवडाभर चावून खाल्ली.

मार्चअखेरीस मायने मला समोर बसवलं.

"दौलत, औंदा तुहं भाषण मले ऐकाचं हाय. लोकं टाळ्या वाजवते म्हनून मी वाजवतो. एक डाव सोताच्या कानानं ऐकून वाजवू दे. हे मशीन नीट करून आन."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी आदिलाबादची बस धरली.

चष्म्याच्या दुकानात कानाच्या यंत्रांचंही सामान मिळतं. दुकानदाराने यंत्र हातात घेतलं, नळी चिमटीत दाबून पाहिली आणि विचारलं, "नली कड़क हो गई है. नली बदलूँ या पूरा साचा?"

आता, नळी म्हणजे बोटभर लांबीची क्षुल्लक वस्तू. मायच्या अकरा वर्षांच्या हौसेसाठी मी नुसती नळी घेऊन घरी जाऊ? मी यंत्राकडे कचेरीतली जुनी मिसल (म्हणजे फाइल) तपासतो तसं पाहिलं आणि म्हणालो, "पूरा साचा. और क्या क्या लगता है?"

हा प्रश्न कुठल्याच दुकानदाराला विचारू नये. त्याने काउंटरवर एक चिमुकला ब्रश मांडला, नळीतलं पाणी फुंकून काढायचा रबरी फुगा मांडला आणि झाकणाचा एक डबा मांडला. डब्यात निळे दाणे होते. यंत्र रात्री त्यात ठेवलं की दाणे त्यातली ओल शोषून घेतात. आमच्याकडे एप्रिलात विहिरीतसुद्धा ओल नसते, तरी मी तो डबा घेतला.

"अब पेशंट को बुलाओ, कान का नाप लेना पड़ेगा."

पेशंट गावात होता. मायला बस लागते, आणि तिला घेऊन परत यायचं म्हणजे आणखी एक रजा. इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्या कचेरीत म्हातारा अर्जदार येऊ शकला नाही तर लेक येतो. मी कागदावर 'वारस हजर' असं लिहितो, बापाऐवजी लेकाचा अंगठा घेतो आणि साहेब तेलुगूत "सरे, सरे" (बरं, बरं) म्हणत सही करतात. बारा वर्षांत अशी एकही मिसल परत आलेली नाही. शिवाय मी जन्मल्यापासून सगळं गाव म्हणतं, नाक बापाचं, कान चंद्रभागेचे.

मी खुर्चीवर बसून मान तिरपी केली. "मेरा नाप लो. एक ही खानदान है."

दुकानदाराने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तेव्हापासून तो माझ्याशी ओरडून बोलू लागला. मग त्याने माझ्या कानात गुलाबी लगदा भरला. पाच मिनिटं मला त्या बाजूने काहीच ऐकू आलं नाही, आणि माय अशी किती वर्षं बसली असेल, हे मनात येऊन खरंच वाईट वाटलं. तरी तिला बोलवावं हे मात्र सुचलं नाही.

साचा हैदराबादहून बनून बारा एप्रिलला आला. मी तो समारंभाने मायच्या हाती दिला. तिने कानात घातला, तो जाईना. कुसुमने तेलाचं बोट लावलं, तरी जाईना. माय कळवळून मागे सरकली.

कुसुमने साचा उजेडात धरून पाहिला. "कोनाच्या कानाचं माप देल्लं?"

मी डब्याचं झाकण उघडून दाणे पाहू लागलो.

"अवो, कोनाच्या?"

"घरातल्याच," मी म्हणालो.

तिने तो साचा माझ्या कानात घातला. तो असा बसला की ओढून काढावा लागला.

"काऊन असं केलं तुमी?"

"कचेरीत चालते."

मायला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. पण तिने पाहिलं होतं सगळं. ब्रश, फुगा, डबा, माझा कान. तिने यंत्र उचलून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. "राहू दे बाप्पा. अकरा वर्सं नुसतं पायलं, आजून एक वर्स पाईन." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमने सुईदोऱ्याच्या डबीतून मायचा जुना साचा काढला. (दुकानदाराने तो कागदात बांधून परत दिला होता, मी फेकायला ठेवला होता आणि कुसुमने उचलून जपला होता.) गरम पाण्यात धुतला, कडक झालेली नळी उपटली, माझ्या साच्यातली नवी मऊ नळी ओढून काढली, ती दोऱ्याने ओढून जुन्यात बसवली आणि जुनीच्या मापाने ब्लेडने कापली. मायच्या कानात घातलं. शिट्टी नाही.

"आत्याबाई, येते का ऐकू?" ती हळूच म्हणाली.

"येते न वं," माय म्हणाली आणि हसली.

कुसुम माझ्याकडे वळली. "नळीच खराब होती. दुकानवाला बोलला नाई का?"

"बोलला होता," मी शक्य तितकं हळू म्हणालो. पण हिचे कान चांगले आहेत.

चौदा तारखेला माय पहिल्या रांगेत, कानात यंत्र. मी अध्यक्ष बाबाराव गुरुजींचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, माइकवाल्याचे मानले, खुर्च्या तलमडुगुहून आल्या म्हणून तिथल्या मंडळींचे मानले, पाण्याच्या टाकीचे मानले. मध्येच मायचा हात कानामागे, यंत्राच्या आवाजाच्या चाकीवर गेला. आवाज वाढवतेय, हे पाहून मला आणखी जोर चढला आणि मी दहा मिनिटं जास्त बोललो.

घरी आल्यावर मी विचारलं, "माय, आलं का ऐकू?"

"सम्दं आलं. दौलत, मले वाटे, तू दरसाल बाबासायबाबद्दल बोलून राह्यला. अकरा वर्सं बायायले सांगत होती मी, माहा पोरगा लय मोठं बोलते म्हनून. तू तं खुर्च्याबद्दल बोलून राह्यला."

"पन तू तं आवाज वाढवला."

"कमी केला, बाप्पा."

पुढल्या जयंतीला माय पुन्हा पहिल्या रांगेत होती, पांढरं लुगडं, चेहऱ्यावर तोच जुना अभिमान, आणि टाळी सगळ्यांत मोठी. कानामागे मात्र काहीच दिसेना, म्हणून घरी येऊन मी शोधलं. यंत्र निळ्या दाण्यांच्या डब्यात झाकण लावून नीट ठेवलेलं होतं. एवढ्या सामानातली ती एकच वस्तू मी बरोबर निवडली होती.