तारामतीचं ऑर्किड आणि चिकट सापळे

पिवळ्या पानाचं निदान आपण बांधावरूनच करतो, असं ग्यानोबा लातुरात भेटेल त्याला सांगत असे. जन्म सोयाबीनमध्ये गेलेला माणूस. त्यामुळं ओसरीत टांगलेल्या ऑर्किडची पानं पिवळी पडली, तेव्हा घरात तोच तेवढा बिनघोर होता. तसं दाखवत तरी होता.

ते ऑर्किड त्याच्या बायकोचं, तारामतीचं. लेकीनं, ऋतुजानं, नांदेडहून आणून दिलेलं. तारामती हिवाळ्यात गेली आणि तिच्या हातचं हिरवं असं घरात तेवढंच राहिलं. आता रविवारी ऋतुजा यायची होती. आली की चप्पल काढायच्या आधी ती कुंडीकडं बघणार, या विचारानं ग्यानोबाला जेवण जात नव्हतं.

"लोह कमी पडलंय," त्यानं सांगितलं.

"बाबा, ते सोयाबीन न्हाई," सूनबाई म्हणाली.

"पिवळं ते पिवळं."

त्यानं लोहासाठी हिराकस पाण्यात कालवून फवारलं. पानांवर गंजके डाग उठले. भिंतीवर त्याहून जास्त उठले. पानं पिवळीच.

"मग पांढरी माशी हाय," ग्यानोबा म्हणाला आणि दुकानातून पिवळे चिकट सापळे घेऊन आला. एकराला लागतात तेवढे त्यानं एका कुंडीभोवती टांगले. ओसरी हळदीच्या मांडवासारखी दिसायला लागली. त्या सापळ्यांत आधी सूनबाईची वेणी सापडली, मग मुलाचा, सुदर्शनचा, धुतलेला सदरा. माशी एकही नाही.

शनिवारी सकाळी ओसरीत कुणीतरी कण्हायला लागलं. ग्यानोबा धावत गेला. शेजारचा शरणप्पा पांढऱ्या धोतरात, हातात तांब्या घेऊन उभा होता आणि त्याची अर्धी मिशी सापळ्याला चिकटली होती.

"सोडीव गा," शरणप्पा म्हणाला.

"तू तांब्या घेऊन माझ्या ओसरीत काय करायलास?"

"वहिनीच्या झाडाला पाणी घालायलो. त्या गेल्यापासून रोजच घालतो. ओढ आधी."

ग्यानोबा करडईचं तेल आणून मिशीला चोळू लागला. तेवढ्यात सूनबाई तांदळाचं धुवण घेऊन आली आणि दोघांना बघून दारातच थबकली.

"तू बी?" ग्यानोबानं विचारलं.

"आत्याबाईंचं झाड हाय. वाळलं तर?"

तिच्या मागं सुदर्शन पाण्याची बाटली पाठीमागं लपवत उभा होता. आणि खिडकीत ग्यानोबाचा स्वतःचा पेला होता, पहाटेच रिकामा झालेला. त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही, पण बघितलं सगळ्यांनी.

नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही म्हणून जिथं पिंपं भरून ठेवतात, त्या गावात झाडाला पाणी जास्त झालं असेल, हे कुणाच्या डोक्यात यावं तरी कसं!

"मूळ बघायचं सोडून मी पानं बघत बसलो," ग्यानोबा पुटपुटला.

त्यानं रोप हलक्या हातानं बाहेर काढलं. मुळं शिजलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत झाली होती. सगळ्यांचे चेहरे उतरले. पण मधली काही मुळं दाबून पाहिली तर टणक होती. त्यानं कुजकी छाटली, कापल्या जागी हळद लावली आणि रोप कोरड्या कोळशात बसवलं.

रविवारी ऋतुजा आली, तेव्हा चौघे ओसरीत शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे होते. शरणप्पाची अर्धी मिशी गेलेली. ऋतुजानं पान उचलून पाहिलं, मुळं चाचपली.

"जगतंय की," ती म्हणाली. "कोंब हिरवा हाय. काय केलंत काय तुम्ही?"

सगळं ऐकून ती हसत हसत खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, आईला पाणी घालायचं ध्यानातच राहायचं न्हाई. फोनवर विचारलं की म्हणायची, अगं बाई, विसरलेच. म्हणून तर ते इतकं जगलं."

त्या दिवशी ग्यानोबानं भाकरी मागून घेतली. सूनबाईनं आणखी एक वाढली.

पण विसरणं तारामतीला जमायचं. ग्यानोबाला काही केल्या जमेना. शेवटी त्यानं सुदर्शनकडून मोबाइलवर रोज सकाळचा गजर लावून घेतला: आज पाणी घालायचं नाही.

गजर वाजला की भिंतीपलीकडून शरणप्पा विचारतो, "ग्यानोबा, आज बी न्हाई का गा?"